तिसरीच्या वर्गावरची ओळ

वाशीम,
७ जुलै २०२३

दौलतकाका,

जय भीम. घरी सगळे कसे आहेत असं विचारत नाही, कारण काल सगळ्यांना मी लांबून पाहिलं. काकू दारात उभ्या होत्या. मी हात केला नाही. शाळेच्या तपासणीला आले होते, सोबत साहेब होते, आणि तपासणीच्या दिवशी मी कोणाच्याच घरी चहा घेत नाही. तुम्हाला राग आला असणार. तो कागदावर कळवा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि व्हॉट्सअॅपवर काही लिहिलं की संध्याकाळपर्यंत ते टेंभरखेडच्या ग्रुपवर फिरतं. हे पत्र रवीच्या जीपने पाठवते. उत्तरही त्याच्याजवळच द्या.

तिसरीच्या वर्गातला वासा रविवारी दुपारी पडला. त्याच वर्गात भरणारी तुमची सकाळची उपासना संपली होती आणि सोमवारची शाळा भरायची होती. म्हणून कोणी मेलं नाही. याला दुसरं कारण नाही.

वासा मी उचलून पाहिला. सागाचा जुना वासा कधीतरी बदलून तिथे निलगिरीचा घातलेला आहे. भिंतीवर टेकलेलं टोक कुजलं आहे. वाळवी नाही, पाणी आहे. एका पावसात एवढं कुजत नाही, म्हणजे मागच्या वर्षीही तिथे पाणी मुरत होतं.

जमिनीचा सातबारा मिशनच्या ट्रस्टच्या नावावर आहे. इमारत आमच्या खात्याच्या यादीत आहे. मिशनने शाळा बांधली, पुढे चालवायला सरकारला दिली, जमीन मात्र दिली नाही. तुम्ही त्या शाळेत आयुष्यभर शिकवलं, शिवाय चर्चच्या मंडळीचे वडील आहात, तेव्हा हे सगळं तुम्हाला माझ्या आधीपासून माहीत आहे. छपरावर खर्च मागितला की आम्ही म्हणतो जमीन आमची नाही आणि ट्रस्ट म्हणतो इमारत आमची नाही, हेही माहीत आहे. म्हणूनच ते छप्पर गाव सांभाळत आलं. दर वर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरायचे, म्हणजे कौलं काढून, साफ करून पुन्हा बसवायची, घराला एक ओळ, आढ्यापासून दोन्ही वळचणींपर्यंत. तिसरीच्या वर्गावरची सहावी ओळ बाबांची. ते गेल्यावर ‘जगदेवची ओळ त्याच्या पोरीची’ असं तुम्ही चार लोकांत सांगितलंत, आणि मी नोकरीला लागल्यापासून ती माझ्या वतीने फेरत आलात.

मला एकच विचारायचं आहे. यंदा कवेलू फेरले का? आणि मागच्या वर्षी?

धम्मदीपा


टेंभरखेड,
१३ जुलै २०२३

दीपा,

तुले जय भीम, अन् आमच्या घरचा सलाम. जन्मभर फळ्यावर पुस्तकातली भाषा लिहिली. आता रिटायर आहो, घरची लिहितो. चुका काढू नको.

राग आला. काहून नाई येनार? तुह्या काकूनं गाडी पाहून चहा टाकला. गाडी आली, थांबली, तू टोपी घालून उतरली, भिंतीले हातोडीनं ठोकून राह्यली, अन् आमच्याकडं पाह्यलं तं असं, जसं आमी कुंपनाचे खांब आहो. गोजराबाई म्हने, “गुरुजी, हे आपलीच दीपी आहे का बदली आली?” मी म्हटलं, सरकारी दीपी आहे, आपली वाशीमले राह्यली.

आता कामाचं आयक. तू रिपोर्ट लिहिनार आहे, मले मालूम आहे. दोनच शब्द लिही. इमारत धोकादायक. बस. आपल्या जिल्हा परिषदेच्या सदस्यानं भरल्या सभेत शब्द देला आहे. पाच खोल्या, स्लॅब, खाली फरशी, पोरींचे संडास वेगळे. तिकडून ट्रस्टचा मॅनेजर येऊन गेला, तो म्हनते, जुनं उतरलं का मंडळीसाठी वेगळं चर्च बांधून देतो. आता दर रविवारी बेंच फिरवा, फळा चादरीनं झाका, अन् झाल्यावर अखीन पहिल्यासारखं करा. माह्या म्हातारपनी आलं दोन्ही. नवी शाळा अन् नवं चर्च. मधात फक्त तुहे दोन शब्द आहेत.

कवेलूचं इचारतं. फेरले असतीन. माहे गुडघे गेले, मी वर चढत नाई.

रूपा चौथीत गेली. तुह्यासारखी इंजिनियर होतो म्हनते. म्या म्हटलं, हो, पन चहा पेत जाय.

तुहा दौलतकाका


वाशीम,
२० जुलै २०२३

दौलतकाका,

तुम्ही दोन शब्द सांगितलेत. मी चार पानं लिहिली.

त्यात असं आहे: तिसरीच्या आणि चौथीच्या वर्गाचं छप्पर धोकादायक आहे, ते उतरवून नवे वासे व त्यांवरच्या आडव्या रीपा घालून पुन्हा बसवावं. तोवर मुलांना तिथे बसवू नये. भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या, ओळंब्यात सरळ आहेत. पायात कुठेही खचण नाही. भिंतींना धोका नाही. मी जे पाहिलं ते एवढंच आहे आणि तुमच्या सांगण्यावरून त्यात एक शब्द कमी किंवा जास्त होणार नाही.

नव्या शाळेबद्दल. सरकार स्वतःची नसलेल्या जमिनीवर नवीन बांधकाम मंजूर करत नाही. हे तुमच्या सदस्यांना माहीत नसेल तर त्यांनी सभेत शब्द देऊ नये, आणि माहीत असेल तर ते खोटं बोलले. त्या जागेत सरकारचं म्हणून जे काही आहे ते म्हणजे त्या भिंती. त्या पाडल्या की सरकारचं तिथे काहीच उरत नाही. मोकळी जमीन मोकळी म्हणून मालकाकडे जाते. मालक ट्रस्ट आहे. जागा पुसद रस्त्याला लागून आहे. ट्रस्टला तिथे चर्च बांधायचं आहे की आणखी काही, ते मॅनेजरकडून लेखी मागा. मिळालं तर मला दाखवा.

आता कवेलू. तुम्ही उत्तर टाळलंत, म्हणून मी जे पाहिलं ते सांगते. कवेलू वाऱ्याने पडले तर फुटतात. माकडांनी पाडले तरी फुटतात. शाळेच्या मागच्या कोठीत कवेलूंच्या थप्प्या लावलेल्या आहेत, कवेलू आख्खे, एकात एक बसवलेले. ते कोणीतरी हाताने काढले आहेत. तिसरीच्या वर्गात जमिनीवर पाणी होतं, पण एक पट्टा कोरडा होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत, सरळ, जेमतेम हातभर रुंद. मी त्यात उभी राहून वर पाहिलं. वर सहावी ओळ होती.

आजूबाजूच्या सगळ्या ओळी उघड्या आणि माझी एकटी झाकलेली. साहेबांनी विचारलं, इथे पाणी का नाही. मी म्हणाले, सांगता येत नाही. नोकरीत मी बोललेलं हे पहिलं खोटं आहे आणि ते कशासाठी बोलले हे मला तुमच्याकडून कळायला हवं.

मुलं त्या वर्गात बसत होती, काका. रूपाही गेल्या वर्षी तिथेच बसत होती.

धम्मदीपा


टेंभरखेड,
६ ऑगस्ट २०२३

दीपा,

हो. काढले. आमीच काढले. मागच्या सालच्या मे महिन्यात, दिवसाउजेडी, सगळ्या गावानं. आता काय करतं? गुन्हा दाखल करतं?

तू शिकली, तुले नियम मालूम आहेत. आमाले जे मालूम आहे ते आयक. घरकुलाचा सर्वे आला होता, ध्यानात आहे? गुलाबसिंगनं पै-पै जमवून भिंत लिंपली होती, टिनं बदलले होते, दाराले रंग देला होता. सर्वेवाला दारातूनच म्हने, “तुमचं तं चांगलं आहे, तुमाले कायले पायजे?” नाव कटलं. गोजराबाईची मागची भिंत तीन सालापासून पडेल. तिनं हात लावला नाई. सर्वेवाल्यानं फोटो काढला अन् घरकुल मंजूर. आता ते पक्क्या घरात राह्यते अन् गुलाबसिंग अजून टिनाखाली. सरकारनं आमाले हेच शिकवलं. जो सांभाळते त्याले नाई भेटत. जो पडू देते त्याले भेटते.

मंग सदस्य आला, पाच खोल्या म्हने. आमी शाळेच्या ओट्यावर बसलो. गोजराबाईच बोलली, “तुमी दरसाली कवेलू फेरता, चुना मारता, अन् वरून अर्ज करता का शाळा पडून राह्यली. साहेब येते, पाह्यते, चकाचक. कोन देईन? पडू द्या न बापा एक पावसाळा!” सगळे हासले. हासता हासता खरं वाटलं. गुलाबसिंग तं पयले वर चढला. म्हने, “मी एकदा सांभाळून बसलो, आता पाडून पायतो.” ज्यानं त्यानं आपली ओळ काढली. अन् मी खाली उभा राहून सांगत होतो, आख्खे काढा, फोडू नका, नव्या चर्चच्या सैपाकघरावर कामा येतीन.

तुही ओळ काढाले कोनी तयार नव्हतं. म्हनत, पोरीची आहे, तिले इचारा. म्या म्हटलं राहू द्या, एक ओळ राह्यल्यानं काय होते. मले काय मालूम, तुह्या एका ओळीखालची कोरडी जमीन आमच्या सगळ्यांच्या विरोधात साक्ष देईन.

तू लिहिलं, रूपा तिथीच बसत होती. माह्या नातीचं मले सांगू नको. पावसाळाभर मी रोज सकाळी तिथी जाऊन पोराइले कमी गळे त्या कोपऱ्यात सरकवत होतो. तीस साल अर्ज केले दीपा. तुह्या खात्याले केले, ट्रस्टले केले. तू त्या खात्यात बसली तवा वाटलं, आता आपला मानूस वर आहे. अन् आपला मानूस चार पानं लिहिते!

दौलतराव


वाशीम,
४ ऑक्टोबर २०२३

दौलतकाका,

तुमच्या पत्राला दोन महिने उत्तर दिलं नाही. रागात लिहिलेलं पत्र मी पाठवत नाही. पाच लिहिली आणि फाडली. आता जे लिहिते आहे तेही रागातच आहे, पण हे पाठवणं भाग आहे.

काल ट्रस्टचे मॅनेजर आमच्या कार्यालयात आले होते. मला फाईल घेऊन आत बोलावलं. खुर्च्या दोनच होत्या, दोघेही बसलेले, मी उभी. इतक्या वर्षांत शाळेचे दोन्ही मालक एका खोलीत बसल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. छपरासाठी ते कधी एकत्र बसले नाहीत. पाडायला बसले.

साहेब म्हणाले, “मॅडमचा रिपोर्ट आहेच. धोकादायक.”

मी म्हणाले, “छप्पर धोकादायक आहे, सर. भिंती नाहीत. पान दोन.”

“अहो, पोरं छपराखालीच बसतात ना? भिंतीवर बसतात का?” साहेब हसले. मॅनेजरही हसले.

मॅनेजर म्हणाले, “आमचं म्हणणं एवढंच आहे की जागा मोकळी करून द्या. आम्ही तर धार्मिक माणसं, सरकारशी भांडण नको.”

मी विचारलं, “तिथे चर्च होणार आहे का?”

ते म्हणाले, “पुढे कधी झालं तर बघू. सध्या एका पार्टीशी बोलणं चालू आहे. मंगल कार्यालय, पार्किंगसकट. ट्रस्टला दर वर्षी भाडं येईल, ते देवाच्याच कामाला जाईल.”

साहेबांनी त्यांना बिस्किटाची बशी पुढे केली. मुलं कमी आहेत, पटसंख्या घसरली आहे, ती पलीकडच्या गावच्या शाळेत समायोजित होतील, असं ठरलं. समायोजन म्हणजे काय, तर तुमची रूपा आता रोज नाला ओलांडून, पुलावर पाणी असलं तर चिखलातून, जाणार किंवा जाणार नाही. पटसंख्या का घसरली, असं कोणी विचारलं नाही. गळक्या वर्गातून आईबाप मुलं काढून नेतात, हे सांगायला इंजिनीयर लागत नाही.

पाडण्याचा आदेश निघाला आहे. त्यात माझ्या चार पानांमधला एक शब्द आहे. माझ्या नावासह. खाली लिहिलं आहे, “तांत्रिक अहवालानुसार”.

आता तुमचा राग आणि माझा राग दोन्ही बाजूला ठेवा आणि हे करा. ग्रामसभा बोलवा. आदेशाला हरकत घ्या. फेरतपासणी बाहेरच्या इंजिनीयरकडून मागा, आमच्या खात्याकडून नको. अर्जात माझ्या अहवालाच्या पान दोनचा उल्लेख करा. हा सल्ला कोणी दिला असं विचारलं तर माझं नाव सांगा. लपवू नका. मी लपवणार नाही.

आणि कवेलू तुम्ही का काढलेत ते मला कळलं. पटलं नाही. पण कळलं.

धम्मदीपा


टेंभरखेड,
९ ऑक्टोबर २०२३

दीपा,

आदेश शाळेच्या दारावर चिकटला आहे. खाली तुहं नाव. गावात सगळ्याइनं वाचलं. तुहे चार पानं कोनाले दिसत नाई, तुहं नाव दिसते. पोरं तुहं नाव घेऊन शिव्या देऊन राह्यले, अन् मी आडवत नाई. खरं सांगतो, आडवत नाई.

कारण मले वाटते तू हे जानून केलं. आमी कवेलू काढले, तुह्याशी बोललो नाई, तुले खोटं बोलाले लावलं. तुले राग आला. बरोबर आहे. पन राग आमच्यावर अन् शिक्षा शाळेले? दोन महिने तू चूप बसली. दोन महिन्यात काय-काय थांबवता आलं असतं. तुहा बाप असता तं दोन दिवस चूप नसता बसला. जगदेव तं साहेबाच्या टेबलावर बसून आला असता.

माह्या इकडचं आयक. रविवारी उपासनेले मॅनेजर स्वतः आला. वासा पडल्यापासून आमी ओट्यावर सतरंजी टाकून बसतो. प्रार्थना झाल्यावर उठला अन् म्हने, “दौलतराव, चाव्या द्या.” म्या म्हटलं, चाव्या शाळेच्या आहेत, तुमच्या नाई. म्हने, “जमीन देवाची आहे.” म्या म्हटलं, सातबाऱ्यावर देवाची सही दाखवा, तुमचीच दिसते. मंडळी हासली. त्यानं खिशातून कागद काढला. मंडळीच्या वडीलपदावरून मले मुक्त केलं आहे म्हने. म्हातारपनाच्या कारनानं. माह्या बापानं ह्याच भिंतीत बाप्तिस्मा घेतला, दीपा. मले मुक्त केलं म्हने.

चाव्या देल्या नाई. तुह्या काकूच्या डब्यात आहेत.

ग्रामसभेचं पाहून राह्यलो. पन कोनी तुह्या सांगन्यावर सही कराले तयार नाई.

दौलतराव


वाशीम,
१५ ऑक्टोबर २०२३

दौलतकाका,

माझ्या बाबांचं नाव या भांडणात आणायचं नाही. ते टेबलावर बसले असते की खुर्चीत, हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. मी माझ्या पद्धतीने काम करते.

त्या दोन महिन्यांत मी काय केलं ते तुम्ही विचारलं नाही, ठरवून टाकलंत. ऑगस्टमध्ये मी साहेबांना लेखी दिलं की माझा अहवाल पूर्ण वाचला जावा. सप्टेंबरमध्ये पुन्हा दिलं. आदेश निघाला त्याच संध्याकाळी वरच्या कार्यालयाला स्वतःच्या नावाने कळवलं की आदेशात माझ्या अहवालाचा चुकीचा वापर झाला आहे, भिंती सुरक्षित आहेत आणि मी त्यावर कायम आहे. प्रत साहेबांना. परवा माझी बदली झाली. मानोऱ्याकडे. पोहरादेवीला यात्रेकरूंसाठी शेड चालू आहेत, त्यांच्यावर देखरेख. शाळेच्या आवारात पुन्हा जाऊ नये, असंही लेखी आहे. हे तुम्हाला वाईट वाटावं म्हणून सांगत नाही. तुम्ही चुकीचं बोललात, ते दुरुस्त करते आहे.

शिव्या देणाऱ्या मुलांना अडवू नका. फक्त त्यांना कामाला लावा.

दिवाळीची सुटी लागते आहे. शाळा रिकामी असेल. फेरतपासणीचा अर्ज गेला, तर बाहेरून येणारा माणूस आधी छप्पर पाहील. छप्पर उघडं असेल तर तोही धोकादायक लिहील. मीही लिहिलं असतं. छप्पर झाकलेलं असेल तर त्याला भिंती पाहाव्या लागतील, आणि भिंतींना मी घाबरत नाही.

कायद्याने तुम्हाला हात लावायचा अधिकार नाही. जमीन तुमची नाही, इमारत तुमची नाही. पण गावाने ते छप्पर बापजाद्यांपासून फेरलं तेव्हा दोघांपैकी एकही मालक अधिकार विचारायला आला नव्हता.

करणार असाल तर नीट करा. पडलेला वासा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन वासे आधी बदला. निलगिरी घालू नका, साग मिळाला नाही तर लोखंडी पाईप चालेल, पण दोन्ही टोकांना भिंतीत दगडाच्या खाचेत बसला पाहिजे. जुन्या रीपांवर पाय देऊ नका. वासा असेल तिथेच पाय. दोन वाशांच्या मधे जायचं असेल तर शिडी आडवी टाका आणि तिच्यावरून जा. एका वेळी एका उतारावर सगळे चढू नका, दोन्ही बाजूंनी सारखं वजन ठेवा. चौथीच्या वर्गावर सगळ्यात शेवटी. गुलाबसिंगकाकांना सांगा, घाई करू नका.

तुम्ही स्वतः वर चढायचं नाही. गुडघ्यांचं मला माहीत आहे.

धम्मदीपा


टेंभरखेड,
२२ नोव्हेंबर २०२३

दीपा,

तुहं पत्र मी ओट्यावर उभा राहून मोठ्यानं वाचलं. बदलीचं आयकून गोजराबाई म्हने, “म्हनजे पोरगी आपल्यासाठी भांडली अन् आपन तिले शिव्या देऊन राह्यलो?” मंग गुलाबसिंगनं ते पायाचं अन् शिडीचं पुन्हा वाचाले लावलं. दोनदा वाचलं.

वासे बदलले. सागाचे दोन गुलाबसिंगनं देले, घरासाठी ठेवले होते. बाकी तीन पाईप आनले. दिवाळी झाल्यावर आमी कोठी उघडली अन् आख्खे कवेलू बाहेर काढले. मीच आख्खे ठेवा म्हटलं होतं, एवढं तरी बरोबर केलं.

काल सगळं गाव वर होतं. ज्याची त्याची ओळ. बौद्धवाड्यातले, कुनबी, तांड्यावरचे, आमची मंडळी, जसे पयले असत. दुपारी जेसीबी आला. मागून दोन गाड्या. एकीत मॅनेजर, एकीत तुह्या जुन्या खात्याचा मानूस.

मॅनेजर खालून ओरडला, “छपरावर कोणाच्या परवानगीने चढलात?”

गोजराबाई वरूनच म्हने, “काहून बापा, जमीन तुमची आहे न? आमी कुठी जमिनीवर आहो? पाहा एकदा नीट!”

तुह्या खात्याचा मानूस म्हने, “ही सरकारी इमारत आहे. शासकीय मालमत्तेला हात लावू नका.”

गुलाबसिंग म्हने, “हात इमारतीले नाई साहेब, कवेलूले लावला. तुमच्या यादीत कवेलू आहेत का? असतीन तं सांगा, आतापतोर फेरल्याची मजुरी द्या.”

जेसीबीवाला उतरला. म्हने, “साहेब, वर मानसं आहेत, बाया आहेत. मी बोट नाही लावणार.” तुह्या काकूनं त्याले चहा देला, त्यानं पेला. बाकी दोघाइले इचारलंच नाई.

गाड्या गेल्या. पुन्हा येतीन. पोलीस घेऊन येतीन, मले मालूम आहे. फेरतपासणीचा अर्ज गेला, ग्रामसभेच्या सगळ्या सह्यांसकट. बाहेरचा इंजिनियर पुढच्या आठवड्यात येतो म्हने. चाव्या अजून डब्यात आहेत. मंडळीनं रविवारी मलेच प्रार्थना कराले लावली. कागद काही म्हनो.

आता एक गोष्ट. सगळ्या ओळी झाल्या. तुही तेवढी जुनी होती, सडक्या रीपीवर बसेल होती, म्हनून कवेलू काढून रीप बदलली. मंग झाकाले कोनी तयार नाई. पोरं म्हनत, गुरुजी तुमी सांगा, लावून टाकतो. म्या नाई सांगितलं. मागं आमी तुले न इचारता सगळं केलं. तवा तुही एकटी ओळ झाकेल होती अन् बाकी उघडं. आता बाकी सगळं झाकेल आहे अन् तुही एकटी उघडी. तुहे कवेलू खाली थप्पी लावून ठेवले आहेत.

आभाळ भरून येऊन राह्यलं. इंजिनियर यायच्या आधी पानी आलं तं तिसरीच्या वर्गात हातभर पट्टा भिजन. तो पट्टा तुहा आहे. आमी हात लावनार नाई.

तुहा दौलतकाका


पोहरादेवी,
२३ नोव्हेंबर २०२३

दौलतकाका,

हे जबरदस्तीचं काम आहे आणि तुम्ही ते मुद्दाम केलंत.

रविवारपासून पाऊस सांगितला आहे, म्हणून शनिवारी येते. रजेचा अर्ज दिला. कारणाच्या जागी ‘शाळेचं छप्पर’ लिहिलं आहे, गावाच्या नावासह. आवारात येऊ नये असं पत्र मला आहे, त्याची प्रत सोबत आणते. कोणी विचारलं तर दाखवीन आणि वर चढेन.

थप्पीतले कवेलू एकदा वाजवून पाहा, चिरलेले बाजूला काढा. माझ्या ओळीला चिरलेला एकही लागता कामा नये. शिडी पूर्वेच्या भिंतीला लावा. ती भिंत सरळ आहे, हे मी सही करून दिलं आहे. तिच्यावर माझं वजन टाकायला मला भीती नाही. रूपाला शिडीजवळ उभी करा, कसं चढायचं ते तिने पाहावं.

काकूंना सांगा, सोबत साहेब नसतील. चहा घेईन.

धम्मदीपा